बांबू आधी भिजवा, मग विणा

बुरडाने मेहनतीने केलेली खुर्ची भुंग्याने पोखरली, की गिऱ्हाईक प्लास्टिककडे वळतं. मला हेच थांबवायचंय.

भुंगा येतो बांबूतल्या स्टार्चसाठी. म्हणून तर आपल्या तलावांच्या जिल्ह्यात जुने लोक बांबू कित्येक आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचे.

आता टाकीचं गणित ऐका. १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड, ३ किलो बोरॅक्स. हातमोजे घाला. गाठी सळईने आतून फोडा, बांबू पूर्ण बुडवा, वर दगड ठेवा. आठवड्याने काढून सावलीत वाळवा.

पावसात हे औषध धुऊन जातं, म्हणून वस्तू छपराखालीच ठेवा. आणि टाकीतलं पाणी धानाच्या बांधीत सोडू नका बरं! जास्तीचा बोरॉन पिकाला मारक.