‘द सिटी ऑफ मिरर्स’: शेवट पटला की नाही?

आजचं पुस्तक आहे जस्टिन क्रोनिन या अमेरिकन लेखकाचं ‘द सिटी ऑफ मिरर्स’. तीन कादंबऱ्यांतली ही शेवटची. पहिली ‘द पॅसेज’ २०१० साली आली, दुसरी ‘द ट्वेल्व्ह’ २०१२ साली आणि ही २०१६ साली. शेवटाबद्दलच बोलायचं असल्यामुळे कथानक फुटणार आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी इथेच थांबावं, मी रागावणार नाही.

व्हॅम्पायर म्हटलं की आपल्या पिढीला नारायण धारपांची ‘लुचाई’ आठवते. क्रोनिनचे व्हॅम्पायर तसे नाहीत. बोलिव्हियाच्या जंगलातून आलेला एक विषाणू, कोलोरॅडोमधला लष्कराचा गुप्त प्रकल्प, फाशीची शिक्षा झालेले बारा कैदी आणि ॲमी नावाची सहा वर्षांची मुलगी, इथून गोष्ट सुरू होते. प्रयोग हाताबाहेर जातो आणि अमेरिका संपते. त्या प्राण्यांना पुस्तकात ‘व्हायरल’ म्हणतात. हल्ली आपण हा शब्द व्हिडिओसाठी वापरतो, त्यामुळे सुरुवातीची पन्नास पानं थोडं हसू येतं. नंतर येत नाही.

दुसऱ्या भागाच्या अखेरीपर्यंत त्या बारांचा बंदोबस्त होतो, एकाचा अपवाद सोडून. शिवाय उरतो तो ‘झीरो’, म्हणजे सगळ्यांच्या आधी लागण झालेला टिमोथी फॅनिंग. तिसरं पुस्तक त्याचं आहे आणि वाचकांचं पहिलं भांडणही त्याच्यावरूनच आहे.

ॲलिशिया नावाची लढवय्यी बाई त्याला मारायला न्यूयॉर्कला जाते. तो ग्रँड सेंट्रल स्टेशनात बसलेला असतो आणि तिला आपली हकिगत सांगायला लागतो. ओहायोतल्या गावातून हार्वर्डला येणं, तिथला मित्र जोनस लिअर, त्या मित्राची लिझ आणि तिच्यावर फॅनिंगचं असलेलं प्रेम, हे सगळं तो सांगतो. शेवटी दोघं पळून जायचं ठरवतात. तो स्टेशनातल्या घड्याळाखाली वाट पाहत उभा असतो आणि आधीच आजारी असलेली लिझ पोचतच नाही. हे सलग, सविस्तर, पुस्तकाचा मोठा तुकडा खाऊन येतं. कितीतरी वाचक वैतागतात. लढाई कुठे आहे? कॉलेजातल्या प्रेमकथेसाठी आम्ही दोन जाडजूड पुस्तकं वाचली का? उलट काहींच्या मते तिन्ही पुस्तकांत सर्वांत चांगलं लिहिलेलं हेच.

मी दुसऱ्या बाजूचा. क्रोनिन हा मुळात भयकथावाला नाही. त्याच्या ‘मेरी अँड ओ’नील’ या आधीच्या पुस्तकाला पेन-हेमिंग्वे पुरस्कार मिळाला होता, आणि तो स्वतः हार्वर्डचा. हे जग त्याला आतून माहीत आहे. पण माझं कारण वेगळं आहे. आम्हाला नोकरीत पहिल्यापासून शिकवलं जातं की समोरचा कोण आहे, त्याला काय हवंय, हे कळल्याशिवाय नकाशा उघडू नका. फॅनिंगचं दुःख खरं आहे. पण त्या एका दुःखाचा हिशेब तो सगळ्या माणसांकडून वसूल करतो. तो खरा आहे म्हणून मला त्याची दया आली आणि तरीही त्याला संपवलंच पाहिजे असं वाटत राहिलं. या दोन्ही गोष्टी एकदम वाटायला लावणारी पुस्तकं फार नसतात.

दुसरी तक्रार टेक्सासमधल्या केरव्हिलची. वीसेक वर्षं एकही व्हायरल दिसलेला नाही. लोक तटबंदीबाहेर वस्त्या करतात, शेती करतात, पहारा ढिला पडतो. वाचक विचारतात, एवढं सोसलेले लोक इतके गाफील कसे? लेखकाने सोयीसाठी त्यांना मूर्ख केलं.

इथे मात्र मी हटून बसतो. मंडळी, पहाऱ्यावरचा जवान पहिल्या तासाला अंधार बघत असतो. तिसऱ्या तासाला तो घड्याळ बघतो. वीस वर्षं काहीच घडलं नाही तर कोणतं सरकार भिंतीवर पैसा घालील? ज्यांनी मरण पाहिलं ते म्हातारे झाले, आणि त्यांच्या मुलांना ती सगळी आजोबांची गोष्ट वाटते. शांतता लांबली की पहिली कात्री पहाऱ्यालाच लागते. मला तर तो भाग वाचताना सगळ्यात जास्त भीती वाटली, आणि त्यात एकही दात दिसत नाही. शिवाय नायक पीटर स्वतः त्या वेळी अध्यक्ष आहे. म्हणजे जबाबदारी कोण्या खलनायकावर ढकलता येत नाही.

जहाजाचं प्रकरण मला घाईचं वाटलं. मायकल नावाचा तंत्रज्ञ ‘बर्गेन्सफ्योर्ड’ हे जुनं जहाज वर्षानुवर्षं खपून दुरुस्त करतो. त्यात जागा साधारण सातशे माणसांची. शहरात माणसं कितीतरी जास्त. कोणाला घ्यायचं आणि कोणाला मागे ठेवायचं? एवढ्या प्रश्नावर वेगळी कादंबरी होईल. क्रोनिन त्याचं बरंचसं ओझं मेजर ग्रीअरला पडलेल्या दृष्टान्तावर टाकतो. दृष्टान्ताने यादी केली की यादी करणाऱ्याची झोप उडत नाही. मला ती उडालेली बघायची होती. पहिल्या पुस्तकात विज्ञान होतं, तिसऱ्यात देव आला, असं जे वाचक म्हणतात त्यांच्याशी मी इथे सहमत आहे.

आणि मग तो उपसंहार. गोष्ट एकदम नऊशे वर्षं पुढे जाते. ‘इंडो-ऑस्ट्रेलियन रिपब्लिक’ नावाचं राष्ट्र आहे. नाव वाचून आपण सुखावतो, पण भारत म्हणून हाती काही लागत नाही. लोगन माइल्स नावाचा नवाच प्राध्यापक येतो, त्याचा संसार, त्याचं एकटेपण. अनेकांना हे उगाच वाढवलेलं वाटतं. ज्यांच्यासाठी जीव टांगला ते सगळे मेले, आता या माणसाशी ओळख कशाला करायची?

ओळख अशासाठी करायची की त्याला हे लोक दंतकथा वाटतात. ॲमी खरी होती की नाही यावर त्यांच्या परिषदा भरतात, शोधनिबंध वाचले जातात. आपण मात्र तिला सहा वर्षांची असल्यापासून ओळखतो. लोगनची शेवटी तिच्याशी गाठ पडते, तेव्हा त्या खोलीत तिला खरं ओळखणारे आपणच असतो. सांगतात की क्रोनिनच्या लहान मुलीने बाबांना जग वाचवणाऱ्या मुलीची गोष्ट लिहायला सांगितली होती. जग तर वाचलं, पण त्या मुलीचं पुढे काय झालं, हे सांगायला ती पानं लागली असतील तर मला चालतात. कात्री माझ्या हातात असती तर मी ग्रीअरचे दृष्टान्त कापले असते. लोगनला हात लावला नसता.