पथ्याचं पातेलं वेगळं नको



पत्रिकेत आजचा विषय ‘रक्तदाब आणि आहार’ असा छापला आहे. रक्तदाब म्हणजे काय, त्यातला वरचा आकडा कशाचा आणि खालचा कशाचा, हे मी सांगत बसत नाही. या सभागृहातल्या निम्म्या मंडळींच्या खिशात गोळ्यांचं पाकीट असेल, उरलेल्यांच्या घरी मोजायचं यंत्र. (हशा) आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. मीठ कमी केलं की दाब उतरतो, हेही सर्वांना पाठ आहे. तरी मीठ काही कमी होत नाही. असं का, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे जिभेला लगाम नाही, मनाचा निग्रह नाही. मला हे उत्तर पटत नाही. पथ्य मोडतं ते ओट्यावर मांडलेल्या वेगळ्या पातेल्यामुळे, असं माझं म्हणणं आहे. आज तेवढंच सांगायला आलो आहे, पत्रिकेत काहीही छापलेलं असो.

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं की घरोघरी काय होतं, ते पाहा. मोठ्या पातेल्यात आमटी नेहमीसारखीच होते. बाजूला छोट्या पातेलीत ‘बाबांचं’ वेगळं काढलेलं वरण. पहिले आठ-दहा दिवस सगळं कौतुकानं चालतं. मग एकाच ताटापाशी बसून शेजारच्या वाटीतल्या फोडणीचा वास घेत आपली अळणी वाटी संपवायची, हे रोज दोन वेळा सुरू होतं. त्या माणसाला भूक भागल्यासारखं वाटतच नाही, कारण तो घरात बसून इस्पितळातलं जेवतो आहे. मग हळूच एक दिवस मोठ्या पातेल्यातला एक डाव पडतो, दुसऱ्या दिवशी दोन. याला निग्रह कमी पडला असं म्हणणं अन्यायाचं आहे. शिवाय वेगळ्या पातेल्यानं आणखी एक नुकसान होतं. अमेरिकेत बर्टिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही निरोगी माणसांना पाच महिने कमी सोडियमच्या आहारावर ठेवलं, तर त्यांची आवडच बदलली. सुपात आणि बिस्किटात पूर्वीपेक्षा कमी मीठ त्यांना चवदार लागू लागलं. म्हणजे जीभ शिकते, पण तिला सलग काही आठवडे, महिने द्यावे लागतात. रोज मोठ्या पातेल्यातला एक डाव चाखणाऱ्या जिभेला ती सवड कुठून मिळणार?

इथे वॉल्टर केम्पनर यांचा उल्लेख करावा लागेल. करतो आणि लगेच पुढे जातो. हे जर्मन डॉक्टर १९३४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात आले. तेव्हा अतितीव्र रक्तदाबावर उपयोगी पडेल असं औषध जवळजवळ नव्हतंच. मूत्रपिंडं निकामी होत, दृष्टी जाई, रोगी महिन्यांत दगावत. केम्पनर यांनी १९३९च्या सुमारास अशा रोग्यांना भात द्यायला सुरुवात केली. पांढरा भात, फळं, फळांचा रस आणि साखर. बस. दूध घालायची परवानगी असती तर आपण त्याला शिकरण-भात म्हणालो असतो. (हशा) दिवसभरात सोडियम दीडशे मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे अर्धा ग्रॅम मीठसुद्धा नाही. त्यांची एक रोगी बाई फार प्रसिद्ध आहे. केम्पनर यांचे उच्चार जर्मन वळणाचे. दोन आठवड्यांनी परत या, असं ते म्हणाले आणि बाईंनी ते दोन महिने असं ऐकलं. केम्पनर यांना स्वतःलाही इतके दिवस कुणाला या आहारावर ठेवायचं धाडस नव्हतं. बाई दोन महिन्यांनी आल्या तेव्हा त्यांचा दाब उतरला होता, हृदयाचा वाढलेला आकार कमी झाला होता, डोळ्यांतला रक्तस्राव ओसरला होता. चुकीच्या ऐकण्यातून एक उपचार सिद्ध झाला. पुढे डरहॅम गावात ‘राइस हाउस’ उभी राहिली, लोक घरदार सोडून तिथे मुक्कामाला येऊन भात खात राहिले, आणि कुणी चोरून काही खाल्लं तर लघवीच्या तपासणीत पकडलं जाई. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मला दिसलं. एवढं सांगतो आणि केम्पनर यांना निरोप देतो. त्या आहाराचा गुण निर्विवाद होता, पण तो पाळायला लोकांना घर सोडावं लागलं, आणि लघवी वाढवून मीठ बाहेर टाकणाऱ्या गोळ्या १९५७-५८च्या सुमारास आल्या तसा तो मागे पडला. घराबाहेर पाळलेलं पथ्य घरी टिकत नाही, हे यातून मी घेतो. केम्पनर यांनी ते घेतलं नसतं.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. चीनच्या शान्शी प्रांतात चांगझी नावाचं शहर आहे. तिथल्या २८ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१५ साली छापून आला. निम्म्या शाळांतल्या पाचवीच्या मुलांना मीठ कमी कसं करायचं ते शिकवलं, आणि घरी जाऊन स्वयंपाक करणाऱ्याला सांगा, असं बजावलं. साडेतीन महिन्यांनी लघवी तपासली, तर त्या मुलांच्या घरातल्या मोठ्या माणसांचं मीठ दुसऱ्या शाळांच्या मानानं दिवसाला २.९ ग्रॅमनी कमी भरलं. कुणाच्याही वाट्याला वेगळं पातेलं आलेलं नव्हतं; एकाच कढईत सगळ्यांसाठी कमी मीठ पडलं. चीनचं इथे काय, असं कुणी विचारेल. युरोप-अमेरिकेत बरंचसं मीठ पाकिटातून आणि पावातून पोटात जातं, म्हणून ब्रिटननं पाववाल्यांनाच हळूहळू मीठ कमी करायला लावलं. चीनमध्ये सुमारे तीन चतुर्थांश मीठ घरच्या कढईत पडतं. आपला स्वयंपाक या बाबतीत चीनच्या जवळचा आहे. म्हणून कारखान्यावर मोर्चा न्यायच्या आधी स्वतःच्या ओट्याकडे बघावं.

आणि ओट्याकडे बघितलं तर आपल्या ताटाची रचना या पथ्याला फार सोयीची आहे. ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतं. साध्या भातात नसतं. ताटाचा मधला, पोट भरणारा भाग मुळातच अळणी आहे. मीठ येतं डाव्या बाजूनं आणि वाटीतून. डाव्या बाजूला लोणचं, चटणी, पापड. त्यातही पापडात मिठाच्या जोडीला पापडखार, तोसुद्धा सोडियमचाच क्षार. सध्या गच्चीगच्चीवर हेच वाळत पडलेलं असताना मी हे बोलतो आहे, याची मला कल्पना आहे. (हशा) तेव्हा मऊ भात, वरण, तूप आणि लिंबू हा जो मनाला निववणारा घास आहे, त्याला हात लावायची गरज नाही. वरणातलं मीठ अर्ध्यावर आणा आणि लिंबू जरा जास्त पिळा. आंबट चव मिठाची उणीव बरीच भरून काढते. आमटीत आमसूल वाढवा, जिरं भाजून कुटून वरून घाला. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, चव त्या पाण्यात जाते, मग पुन्हा चिमूट पडते. म्हणून ते पान वाढताना घाला. किती मीठ जातं ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. चौघांच्या घरात किलोची पुडी पन्नास दिवस पुरली पाहिजे. ती वाण्याच्या महिन्याच्या यादीत दर वेळी येत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलात, आणि यात फरसाण आणि विकतचे पापड धरलेले नाहीत.

एकाच्या दुखण्यासाठी सगळ्या घराला शिक्षा का, हा आक्षेप नेहमी येतो. पण ५ ग्रॅमची मर्यादा सगळ्या प्रौढांना आहे, मुलांना तर त्याहून कमी. ज्यांच्या रक्तातलं सोडियम वयामुळे किंवा गोळ्यांमुळे उतरतं, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझं ऐकू नये. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो आणि तो बहुधा मागच्या रांगेतल्या बायका घेतील: घरचं जेवण, घरचं जेवण म्हणून गौरवायचं आणि राबायचं कुणी? खरं आहे. ‘घरचं’ या मायेच्या आड बहुतेक घरांत एकाच व्यक्तीचे कष्ट असतात. पण म्हणूनच मी वेगळ्या पातेल्याच्या विरोधात आहे. दोन आमट्या करायला लागणारे हात तिचेच असतात. आणि ज्याला पथ्य आहे त्यानं स्वतः फोडणी द्यायला शिकावं, यात त्याचा अपमान होतो असं मला वाटत नाही. (टाळ्या) या टाळ्या एकाच बाजूनं आल्या, याची नोंद व्हावी.

घंटा झाली. चिठ्ठ्या बऱ्याच आहेत, दोनच घेतो. ‘सैंधव चालतं का?’ सैंधव म्हणजेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाला त्याचा रंग दिसत नाही, आणि आयोडिन मुद्दाम मिसळलेलं नसेल तर तेही हुकतं. पोटॅशियम मिसळलेलं मीठ ही वेगळी गोष्ट. चीनच्या ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवरच्या प्रयोगात, २०२१ साली, ते वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी आढळला. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र ते घेऊ नये. दुसरी चिठ्ठी लोणच्याची: ‘कमी मिठाचं घालता येईल का?’ बरणीतल्या लोणच्यात मीठ कमी करू नका, बुरशी येईल. तिथे ते चवीसाठी कमी आणि टिकण्यासाठी जास्त असतं. ती बरणी सणावारी उघडा. रोजच्या पानात कैरीचा तक्कू करा: कैरी आणि कांदा किसायचा, गूळ, तिखट, वर हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी आणि चवीपुरती मिठाची चिमूट. मीठ कमी असल्यामुळे तो टिकणार मात्र नाही. फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा आणि पुन्हा ताजा करा.