मूल गप्प का झाले?



कर्करोगातून वाचलेले मूल घरी आले की आपण खुदाचे शुक्र मानतो, आणि ते मानलेच पाहिजे. परंतु ते पूर्वीसारखे बोलत नाही, घास तोंडात धरून बसते, हाकेला ओ देत नाही, तेव्हा 'अशक्तपणा आहे, जाईल' असे म्हणून आपण गप्प बसतो. तेवढ्याविषयीच आज बोलावयाचे आहे.

लहान मेंदूजवळची गाठ काढल्यावर काही मुले एक-दोन दिवस बोलतात आणि मग त्यांची वाचाच बंद होते. मेड्युलोब्लास्टोमा या गाठीत सुमारे चारांतल्या एका मुलाला असे होते. कोणी म्हणते रुसले, कोणी म्हणते नजर लागली. यांपैकी काहीही नसते. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी शब्द परत येतात. पुष्कळदा सावकाश, अडखळत.

सिस्प्लॅटिन या औषधाने उंच स्वर ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते. मूल हाक ऐकते, पण 'स', 'श', 'फ' निसटतात. माझ्या पाहण्यातील चौथीच्या एका मुलाला श्रुतलेखनातील चुकांमुळे शेवटच्या बाकावर बसविले होते. त्याची खरी जागा पहिल्या बाकावर होती! औषध चालू असतानाच आणि संपल्यावरही कानांची तपासणी मागून घ्या.

गिळण्याचे म्हणाल तर पातळ पदार्थ सर्वांत अवघड. भेटावयास येणारे प्रेमाने सरबत पाजतात, तेही निजलेल्या मुलाला. पिताना ठसका लागणे, नंतर आवाज ओला येणे, वरचेवर छाती भरणे, ही पाणी श्वासनलिकेत जात असल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी आग्रह थांबवा, डॉक्टरांना सांगा. मुलाला बसवूनच, लहान घोटांनी पाजा.

आणखी एक. आपल्या घरात उर्दू किंवा कोकणी, शाळेत मराठी. पुष्कळ अम्मी-अब्बा मुलाला ताण नको म्हणून घरची बोली सोडतात. तसे करू नका. वाचा-उपचारतज्ज्ञाला पहिल्याच दिवशी सांगा की मूल घरी कोणत्या भाषेत भांडते, कोणत्या भाषेत हट्ट करते. तपासणी त्या भाषेतही व्हावयास हवी.

अशी तपासणी मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत होते. ती 1983 पासून चालू आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, वर्गात परतलेला सोबती वाक्य पुरे करण्यास वेळ घेईल. त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका.