धुळीचा खर्च कोणाच्या माथी?

राजस्थानातील दगडखाणींचा मजूर खोकू लागला की अनेकदा त्याला क्षयाची औषधे दिली जातात. फुप्फुसांत साचलेल्या सिलिकाची नोंदच होत नाही. वस्तुतः १९५२ च्या खाण कायद्याने व्यवसायजन्य रोगाची खबर सरकारला देणे मालक व डॉक्टर या दोघांवरही बंधनकारक केले होते. सिलिकोसिस बरा होत नाही, पण टाळता येतो. पाणी सोडून छिद्रे पाडली तर धूळ बसते. तो खर्च मालक वाचवितो आणि मजुराचे कुटुंब फेडते. २०१९ च्या राज्य धोरणाने रोग्यास ३ लाख व मृत्यूनंतर वारसांस २ लाख रुपये देऊ केले. हे साहाय्य झाले, प्रतिबंध नव्हे. ‘काम कोणते?’ हा प्रश्न प्रत्येक केसपेपरवर यावा, हा आग्रह कामगार संघटनांनीच धरला पाहिजे.