इंजिन उघडण्याआधी…

उजनीचं पाणी आलं आणि माढा तालुक्यातल्या ज्वारीच्या शिवारात ऊस, केळी, डाळिंब उभं राहिलं. हा माल बांधावरून बाजारात न्यायला दारात पिकअप आली. त्यातल्या कितीतरी गाड्यांनी आता पंधरा-वीस वर्षं ओलांडली आहेत. त्यांच्याबद्दल हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे, ‘गाडी ओढत नाही.’ रिकामी बरी पळते, पण क्रेट भरून टेंभुर्णीच्या हायवेला लागली की जरा चढ आला तरी दम टाकते. लिलाव गाठायचा असतो, जीव टांगणीला लागतो. मग कुणीतरी सांगतं, ‘इंजिन बसलं, काम काढा.’ आणि डाळिंबाच्या बहाराचे पैसे गॅरेजमध्ये जातात. खरोखर इंजिनच बसलंय का, हे ठरवायचं कसं, ते आज पाहू.

कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी रेल्वे १८९७ साली सुरू झाली. त्याच वर्षी जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. त्या इंजिनाचं तत्त्व आजही तेच आहे. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे ताकदीला तीन गोष्टी लागतात : पुरेशी हवा, वेळेवर पुरेसं डिझेल आणि चांगला दाब. चौथी गोष्ट अशी, की तयार झालेली ताकद चाकापर्यंत पोहोचली पाहिजे.

सुरुवात या चौथीपासून करा, कारण तिथे इंजिनाचा काही दोषच नसतो. मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. गाडी थोडी चालवून आणल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. ड्रमला मात्र हात लावू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल, तर त्याचा ब्रेक धरून राहिला आहे. तो तसाच ठेवला तर टायर जळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अॅक्सिलरेटरची केबलही पाहा. पायाने पूर्ण दाबल्यावर पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो ना?

आता हवा. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला जवळजवळ दहा हजार लिटर हवा लागते. आपल्याकडे उसाच्या फडातली वाट म्हणजे घोटाभर धूळ. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर तो बदला. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर, हलक्या दाबाने मारा. फिल्टर काढून गाडी चालवण्याचा मोह मात्र टाळा. ती धूळ थेट पिस्टन-रिंगा घासून काढते. टर्बो असेल तर त्याचे होज पाइप आणि क्लिपा तपासा. पाइपला चीर पडली की फुसफुस आवाज येतो आणि काळा धूर सुटतो.

मग डिझेल. टाकीचं झाकण सैल करून गाडी थोडं अंतर चालवून पाहा. एकदम सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. फिल्टरखालचं डिझेल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. पाणी असेल तर तळाशी बसेल. फिल्टर किती दिवसांत बदलला, तेही आठवा. लाइन हवा घेते का, हे पाहण्याची साधी युक्ती आहे. फीड पंपाच्या आधी मेकॅनिककडून थोडा वेळ पारदर्शक नळी जोडून घ्या. बुडबुडे दिसले, तर वायसर किंवा जोड सैल आहेत.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. नोझल खराब असले तरी काळा धूर येतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत जातंय. सोबत रेडिएटरचं पाणीही घटत असेल, तर गाडी थांबवा.

इथे एक सावधगिरी. ताकद कमी झाली की पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देणारे भेटतात. गाडी चार दिवस पळते, पण मूळ दोष तसाच राहतो आणि जादा डिझेलने पिस्टन तापतात. पंप आणि नोझल तपासायचेच, तर कॅलिब्रेशनच्या यंत्रावर तपासून घ्या.

हे सगळं ठीक निघालं, तरच दाबाकडे वळा. टॅपेट जुळवून घ्या, इंजेक्शन पंपाचा टायमिंग पाहा आणि प्रत्येक सिलिंडरचं कंप्रेशन मीटरने मोजून घ्या. मीटरचे आकडे कमी आले, ब्रीदरमधून भकाभका धूर येतोय आणि ऑइल घटतंय, तर इंजिनाचं काम काढण्याला इलाज नाही. पण तो निर्णय आकडे पाहून घ्या, कुणाच्या अंदाजावर नको.

हे सारं यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी झालं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत संगणक असतो. तिथे दिवा लागला तर आधी स्कॅनर लावून घ्यावा.

मेकॅनिककडे जाताना चार गोष्टी लिहून न्या. ताकद एकदम गेली की हळूहळू? गार इंजिनाला की गरम झाल्यावर? रिकाम्या गाडीलाही, की फक्त भरल्यावर? आणि त्याआधी गाडीचं कोणतं काम झालं होतं? एवढं सांगितलंत, तर चांगल्या मेकॅनिकचं अर्धं काम तिथेच होतं आणि तुमचा माल वेळेत बाजारात पोहोचतो.