आधी गाडीवरून खाली उतरा

बाजार समितीत काटा मारला की आपण भांडायला उठतो. पेट्रोल पंपावर मात्र गाडीवर बसूनच झाकण उघडतो; मागे कारभारीण, पुढे पोर. मीटर शून्यावर आला का, तेही दिसत नाही. बैठकांना फिरताना आम्हीही हेच करत होतो.

मोटरसायकलची टाकी इंजिनाच्या डोक्यावर. पळून आलेलं इंजिन आणि सायलेन्सर तापलेले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच उतरते. काठोकाठ भरायच्या हट्टात सांडलेलं पेट्रोलही तिथंच जातं. भडका उडाला तर तो मांड्यांमध्ये, आणि मागच्या माणसाआधी आपल्याला उतरता येत नाही.

फवारणीच्या पंपासाठी प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल घेतो, तेही मांडीवर धरून! प्लास्टिकवर साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही; एक ठिणगी पुरते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा जमिनीवर ठेवून, नोझल त्याला टेकवून भरा.

इंजिन बंद, सगळे खाली, मग झाकण. मापाचा संशय आला तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. मागची रांग हॉर्न वाजवील. वाजवू द्या.