शस्त्राच्या आधी चित्र

सुरत शहराच्या पूर्व अंगाला पर्वत पाटिया नावाचा एक गजबजलेला भाग आहे. पाटिया म्हणजे रस्त्याच्या कडेची पाटी. आडवळणाच्या गावाकडे जेथून वाट फुटते, तेथे गावाच्या नावाची पाटी उभी असावयाची, मोटार थांबावयाची, आणि मग त्या थांब्यालाच ते नाव पडावयाचे. पर्वत गाव आता शहराच्या पोटात गेले. पाटिया मात्र नावापुरता उरला. भोवताली कापडाचे बाजार, साड्यांच्या गठ्ठ्यांनी लादलेले टेम्पो आणि यंत्रमागांचा अखंड खडखडाट. जवळच्या लिंबायत, गोडादरा, उधना ह्या वस्त्यांत धुळे, नंदुरबार, जळगाव ह्या भागांतून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी आणि दुकानात गुजराती, असा त्यांचा भाषाव्यवहार. सणासुदीला उधन्याहून भुसावळकडे जाणारी गाडी पकडली की ही मंडळी आपल्या खानदेशात पोचतात.

ह्या वस्तीतल्या एका कारागिराची हकीकत घ्यावी. नाव सांगण्याचे कारण नाही. ती हकीकत एकट्याची नसून थोड्याफार फरकाने अनेकांची आहे. वय चव्वेचाळीस. चार महिन्यांपासून शौचाच्या वेळी रक्त पडत होते. त्याने ते मूळव्याधीवर घातले. आपल्याकडे गुदमार्गातून पडणाऱ्या प्रत्येक रक्ताला मूळव्याध हे एकच नाव आहे, आणि ते नाव घेतले की चौकशी संपते. औषधाच्या दुकानातून मलम आले, गावाकडून कोणी पुडी पाठविली, मिरची बंद झाली. रक्त थांबले नाही. पोट साफ झाल्याचे समाधानही नाहीसे झाले. शेवटी एका डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासणी केली. अर्ध्या मिनिटाचे काम! लाजेपायी आणि कधी कधी तपासणाऱ्याच्याही आळसापायी ते महिनोन् महिने राहून जाते. मग दुर्बीण आत घालून पाहणे झाले, गाठीचा तुकडा तपासावयास गेला आणि उत्तर आले, गुदाशयाचा कर्करोग.

शिरपूरहून थोरला भाऊ धावत आला. त्याने हात जोडले. "डॉक्टरसाहेब, रोग हाती लागला ना? मग उद्याच कापून काढा. आता आणखी फोटो कशाला?"

डॉक्टर गुजराती होते. त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर दिले, "मोटाभाई, रोग आहे एवढे कळले. तो कुठवर गेला, ते अजून कळले नाही."

भावाचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तपासणीसाठी पैसे लागतात, दिवस मोडतो, आणि घरात साप निघाल्यावर त्याची लांबी मोजत बसावे, हे कोणालाही विचित्रच वाटेल. तथापि ह्या रोगात उपचारांचा क्रम त्या मोजणीवरच ठरतो. तो कसा, हे समजण्यासाठी शरीराच्या त्या कोपऱ्याची रचना थोडी पाहिली पाहिजे.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा अखेरचा, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा भाग. त्याची भिंत अनेक थरांची आहे. भिंतीभोवती चरबीची एक गादी असते. तीत रक्तवाहिन्या आणि बारीक लसीका ग्रंथी असतात. ह्या गादीला बाहेरून एक पातळ पटल वेढून असते. पटलाच्या पलीकडे कटिरातले शेजारी, पुरुषांत मूत्राशय व पुरःस्थ ग्रंथी, स्त्रियांत गर्भाशय व योनिमार्ग, आणि मागे माकडहाड. सगळा संसार हाडांच्या अरुंद कोंडाळ्यात मांडलेला. कर्करोग आतल्या अस्तरात उगवतो आणि एकेक थर भेदीत बाहेर सरकतो. तो भिंतीतच आहे, चरबीत उतरला आहे, की पटलाला जाऊन टेकला आहे, ह्यावर रोग्याचे पुढील आयुष्य बरेचसे अवलंबून असते.

पूर्वी हे ज्ञान उशिरा मिळे. १९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स ह्या शल्यविशारदाने पोटाकडून व खालून अशी दुहेरी शस्त्रक्रिया सांगितली. तीत गुदाशय व गुदद्वार दोन्ही जात आणि मलाची वाट कायमची पोटावर येई. १९३२ साली कथबर्ट ड्यूक्स ह्यांनी लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयात काढलेल्या गाठींच्या अभ्यासावरून रोगाच्या पायऱ्या लावून दिल्या. भिंतीत असलेला रोग पहिल्या पायरीचा, भिंतीबाहेर गेलेला दुसऱ्या, ग्रंथींत शिरलेला तिसऱ्या. वर्गीकरण इतके सुबोध की पिढ्यान् पिढ्यांच्या डॉक्टरांना ते पाठ झाले. परंतु ते गाठ कापून टेबलावर आल्यानंतरचे ज्ञान होते. निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिका हाती यावी, तसा हा प्रकार. शस्त्रक्रिया झालेल्या पुष्कळ रोग्यांच्या कटिरात गाठ पुन्हा उगवे, आणि ह्या पुनरुद्भवाच्या वेदना फार असह्य असतात.

१९८२ साली इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील बिल हील्ड ह्यांनी दाखवून दिले की, चरबीची ती सबंध गादी पटलासकट, न फाडता, अखंड उचलली तर रोग परतण्याचे प्रमाण पुष्कळच घटते. पुढे १९८६ मध्ये फिलिप क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या भागाच्या चकत्या करून कडा तपासल्या. जेथे रोग कडेला भिडलेला, तेथे तो परत येण्याची भीती अधिक, असे त्यांना आढळले. म्हणजे शस्त्र फिरावयाचे ते पटलाच्या रेषेवरून. आणि रोगच त्या रेषेवर बसला असेल, तर कुशलातला कुशल हातही काय करणार? तेव्हा रोग्याला टेबलावर घेण्यापूर्वीच ते पटल दिसावयास हवे होते.

१८९५ साली रंटगेन ह्यांना सापडलेले क्ष-किरण येथे अपुरे पडतात. हाड त्यांना छान दिसते. मऊ भागांतील भेद दिसत नाही. क्ष-किरणांवरच चालणारा सीटी स्कॅन यकृत आणि फुप्फुसे पाहण्यास उत्तम आहे, आणि रोग तेथवर उडाला आहे काय हे पाहण्यासाठी तो करतातही. पण गुदाशयाच्या भिंतीचे थर व भोवतीचे पटल ह्यांसाठी एमआरआय, म्हणजे चुंबकीय अनुस्पंदन चित्रण, हेच साधन. ह्या चित्रणाची वाट १९७३ साली पॉल लाउटरबर ह्यांनी दाखविली. २००३ साली त्यांना व पीटर मॅन्सफील्ड ह्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ह्यात क्ष-किरण नसतात. बलवान चुंबकाच्या नळीत रोगी निजतो; शरीरातील पाण्याच्या व चरबीच्या हायड्रोजन अणूंना रेडिओलहरींनी डिवचले जाते, आणि ते जो प्रतिसाद देतात त्यातून चित्र उभे राहते. यंत्र मोठमोठ्याने ठोके देते. आमच्या कारागिराला त्याचे काही वाटले नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात ज्याचे आयुष्य गेले, त्याला तो ठोका ओळखीचाच वाटला असावा.

गुदाशयाच्या कर्करोगासाठी हे चित्र खास रीतीने घ्यावे लागते. सुमारे तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या, आणि त्या गाठीच्या जागी आतड्याला काटकोनात. चकती तिरपी गेली की भिंत आहे त्याहून जाड दिसते आणि अंदाज चुकतो. म्हणून नुसते पोटाचे एमआरआय करून आणले, म्हणजे काम झाले असे नाही. अहवालात गाठ गुदद्वारापासून किती उंचीवर आहे, भिंतीबाहेर किती मिलिमीटर गेली आहे, पटलापासून किती दूर आहे, भोवतालच्या शिरांत शिरली आहे काय, ग्रंथी कशा आहेत, आणि मल रोखून धरणाऱ्या स्नायूंना धक्का लागला आहे काय, ही उत्तरे हवीत. पटलापासून एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर उरले असेल, तर धोक्याची खूण समजतात. युरोपातील चार देशांतल्या ११ केंद्रांत ४०८ रोग्यांवर झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'मर्क्युरी' ह्या अभ्यासाने दाखविले की, शस्त्रक्रियेत कडा रोगमुक्त राहील किंवा नाही, हे ह्या चित्रावरून आधीच बऱ्याच खात्रीने सांगता येते.

चित्र म्हणजे देववाणी नव्हे. लसीका ग्रंथींच्या बाबतीत ते फसते. लहान ग्रंथीत रोग दडलेला असतो आणि मोठी ग्रंथी नुसत्या दाहाने सुजलेली असते. अगदी प्रारंभीच्या, वरच्या थरातल्या गाठीचे बारकावे एमआरआयपेक्षा गुदमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अधिक स्पष्ट होतात.

आता ह्या मोजणीने काय बदलते? गाठ भिंतीतच असेल व कडा मोकळी असेल, तर सरळ शस्त्रक्रिया करता येते, आणि किरणोपचार टळतात. हे टळणे क्षुल्लक नाही. कटिरावर दिलेल्या किरणांनी तरुण स्त्रीचे बीजकोश निकामी होऊ शकतात, पुरुषाच्या वैवाहिक आयुष्यात उणेपणा येऊ शकतो, आतड्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे राहू शकतात. उलट गाठ पटलाला टेकली असेल, तर आधी किरण व औषधे देऊन तिला मागे हटवितात आणि मग शस्त्र धरतात. काही रोग्यांत गाठ दिसेनाशीही होते. अशांना लगेच न कापता काटेकोर नजरेखाली ठेवण्याची पद्धत ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा ह्यांनी पुढे आणली. त्यांचे २००४ सालचे निष्कर्ष ह्या विषयात महत्त्वाचे मानले जातात. मात्र 'नजरेखाली' ह्याचा अर्थ दर काही महिन्यांनी तपासणी, एमआरआय आणि दुर्बीण. जो रोगी गावी गेला की दोन वर्षे फिरकणार नाही, त्याच्यासाठी ती वाट नव्हे.

पहिले चित्र उपचार सुरू होण्यापूर्वीच हवे. किरणांनंतर गाठीच्या जागी वण येतो, आणि मूळ रोग कोठवर होता हे मग कोणालाच सांगता येत नाही. चित्राला जाण्यापूर्वी शरीरातील धातूची माहिती द्यावी. हृदयाला बसविलेले यंत्र तर सांगावयाचेच. पण ज्याने लेथवर किंवा घासण्याच्या चाकावर काम केले आहे, त्याने डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असल्यास तेही सांगावे. सुरतेत असे कामगार थोडे नाहीत. आणि पुढे मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जावयाचे झाल्यास नुसता अहवालाचा कागद पुरत नाही. फिल्म आणि सीडी बरोबर हवी. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या ह्या रुग्णालयात गुजरात व खानदेश दोन्हींकडून रोगी जातात, आणि फिल्म घरी राहिल्यामुळे तपासणी दुसऱ्यांदा करावी लागली, तर खर्च व दिवस दोन्ही वाया जातात. सरकारी योजनेचे कार्ड कोणत्या राज्याचे आहे व ते कोठे चालते, ही चौकशीही आधीच करावी. कुटुंब सुरतेत आणि कार्ड गावाकडे, ही ह्या वस्त्यांतली नेहमीची अडचण.

कारागिराचे चित्र आले. गाठ सहा सेंटिमीटर उंचीवर, भिंतीबाहेर पडलेली, आणि पुढच्या अंगाला एके ठिकाणी पटलापासून एक मिलिमीटरवर. यकृत व फुप्फुसे स्वच्छ. त्याच्या पत्नीने इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न विचारला, "पोटावर पिशवी लागेल का?" डॉक्टर म्हणाले, "बेन, आज कापले तर रोग मागे राहण्याची भीती आहे. आधी शेक देऊ, गोळ्या देऊ, मग पुन्हा चित्र काढून सांगतो."

पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, तो किरण घेण्यास गेला. थोरला भाऊ शेतीची कामे टाकून दोनदा येऊन गेला. पुढे आठ आठवड्यांनी दुसरे चित्र काढले. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या आणि पेन्सिलीच्या टोकाने पटलाची रेषा दाखविली. गाठ आक्रसून रेषेपासून मागे सरली होती. स्नायू शाबूत होते. पिशवी लागणार होती, पण सांधा भरून येईतो काही महिन्यांपुरती.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली. निघताना भावाने जुनी फिल्म आता टाकून द्यावी काय, असे विचारले. दोन्ही एकाच पिशवीत ठेवून त्या दिवशी घेऊन या, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले.